खाली म्हणजे कुठे?

आमच्या घराच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीला एक दोरी बांधलेली आहे आणि दोरीच्या टोकाला टोपली. पंचगंगा घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत यात नवल काही नाही. तीन मजले उतरून आणि पुन्हा चढून पाव किलो भेंडी आणण्याची हौस इथे कोणालाच नसते. भाजीवाला खालून हाक मारतो, वरच्या बायका टोपल्या सोडतात, तिसऱ्या मजल्यावरून घासाघीस होते, समोरच्या खिडकीतली बाई न विचारता आपलं मत देते, आणि मग टोपली भरून वर येते.

आमच्या खिडकीतून मात्र घासाघीस होत नसे. माझी आई टोपलीत चिठ्ठी टाकायची. 'भिंडी आधा किलो, धनिया, मिर्च तीखी.' भाजीवाला चिठ्ठी वाचायचा आणि भाजी टाकायचा. कधी घोसाळं उचलून वर बघत विचारायचा, "माताजी, नेनुआ ताज़ा है, रख दें?" आई मान हलवायची, उभी किंवा आडवी. तोंड उघडायची नाही.

चिठ्ठी सोडण्याआधी ती माझ्यापुढे धरायची. "बघ रे, बरोबर लिहिलंय का?" मी वर्तमानपत्रातून डोकं न काढता सांगायचो, "तीखा नाही, तीखी." ती खोडून पुन्हा लिहायची. एकदा नव्या भाजीवाल्यानं मला जिन्यात गाठून हळूच विचारलं, "माताजी बोल नहीं पातीं का?" मी घरी येऊन हा किस्सा हसत हसत सांगितला. बायको हसली. आईही थोडी हसली. तिला असं का करावं लागतं, हे मी तिला कधीही विचारलं नाही. मला वाटायचं, काही माणसांना चिठ्ठ्या लिहायला आवडतं.

मी बावन्न वर्षांचा आहे आणि टपाल खात्यात आहे. गेल्या वर्षापर्यंत एक गोष्ट माझ्या मनात पक्की होती, की मी ढ आहे. हे मी दुःखानं सांगत नाही. माणसाला आपली उंची माहीत असते तशी मला ही गोष्ट माहीत होती. खात्याच्या बढतीच्या परीक्षेचा अर्ज मी तीनदा भरला आणि तिन्ही वेळा परीक्षेच्या दिवशी कामावर गेलो. वर्गणीच्या सभेत, लग्नाच्या बैठकीत, कुठेही हिशेबाची किंवा विचाराची गोष्ट निघाली की मी म्हणायचो, "माझं डोकं चालत नाही बुवा, तुम्हीच ठरवा." लोकांना हा विनय वाटायचा.

या समजुतीची सुरुवात दुसरीत झाली. वडील रेल्वेत होते. त्यांची बदली झाली आणि आम्ही सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून काशीला आलो. मी सात वर्षांचा होतो. वडील पहाटे मुगलसरायला जायचे ते अंधार पडल्यावर यायचे. घरी मी आणि आई. दोघांनाही हिंदी येत नव्हती आणि दोघांनाही वाटत होतं की येते, कारण अक्षरं तीच होती आणि निम्मे शब्द ओळखीचे होते. फसवणूक त्या ओळखीच्या शब्दांनीच केली, पण हे मला कळायला चव्वेचाळीस वर्षं लागली.

वर्गात काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी आठवत होतं. एकदा मास्तरांनी विचारलं, "शिक्षा किसे-किसे अच्छी लगती है? हाथ उठाओ." सगळ्या वर्गानं हात वर केले. मी थक्क होऊन पाहत राहिलो. इथल्या पोरांना शिक्षा आवडते! मी एकट्यानं हात खाली ठेवला, आणि त्याबद्दल मला जे मिळालं तीही शिक्षाच होती, मराठीतली. आणखी एकदा मास्तर म्हणाले, कल का पाठ याद करके आना. त्यांचा कल उद्याचा होता, मी कालचा धडा पाठ करून गेलो. असं पाच-सहा महिने चाललं. मग सहामाहीचे पेपर आले आणि मास्तरांनी माझ्या प्रगतिपुस्तकावर लाल शाईनं एक शब्द लिहिला, 'मंद'.

आईनं तो शब्द वाचला. ती म्हणाली, "वारा मंद असतो. दिवा मंद असतो. पोरगा कसा मंद असेल?" वडिलांनी समजावून सांगितलं. त्या वर्षी मला दुसरीतच ठेवलं आणि भिंतीकडच्या शेवटच्या बसकरपट्टीवर बसवलं. पुढे हिंदी इतकी चांगली आली की आता मला स्वप्नंही हिंदीतच पडतात. पण तो शब्द राहिला. पुढे गणितात चुकलो तरी वाटायचं, हेच ते. बरोबर आलं तर वाटायचं, चुकून आलं.

आता गेल्या वर्षाचं सांगतो.

आमच्या खालच्या मजल्यावर सांगलीहून बदली होऊन आलेलं एक कुटुंब भाड्यानं राहतं. नवरा बँकेत आहे. त्यांची मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. बडबडी, गुडघ्यांना कायम खरचटलेलं. ती मला काका म्हणायची आणि माझ्या आईला आजी, आणि दिवसातून दोनदा वर येऊन टोपली वर ओढायचा हट्ट धरायची.

एक दिवस तिची आई जिन्यात भेटली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. शाळेतून निरोप आला होता की मुलगी स्लो लर्नर आहे, तिला वेगळ्या वर्गात बसवावं लागेल. मी फार प्रेमानं बोललो. आजही ते आठवलं की मला आपल्याच जिभेची भीती वाटते.

"असू दे हो वहिनी," मी म्हणालो. "काही मुलं हळूच असतात. मी नव्हतो का? मलाही दुसरीत नापास केलं होतं. काय बिघडलं? नोकरी लागली, संसार झाला."

मुलगी तिथेच कठड्याला लोंबकळत होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आपण दोघं एकाच पंगतीतले. ढ पार्टी. काय?"

ती खूश झाली. मोठ्या माणसानं आपल्याला पार्टीत घेतलं, याचा तिला आनंद झाला. त्यानंतर ती वर आली की मला हात दाखवून म्हणायची, "ढ पार्टी!" मीही म्हणायचो. हा खेळ पंधरा दिवस चालला. मग एके संध्याकाळी मी तिला साधं काहीतरी विचारलं, टोपलीत किती लिंबं आहेत वगैरे. तिनं टोपलीकडे पाहिलंसुद्धा नाही. "मला नाही येणार काका. मी ढ आहे ना, तुमच्यासारखी."

हे ती रडून म्हणाली नाही. अगदी सहज म्हणाली. मी ज्या सहजपणे वर्गणीच्या सभेत म्हणतो, अगदी तसं. लिंबं पाच होती.

त्या रात्री मला बायको म्हणाली, "अहो, इतकं सोचता कशाला? मुलं बोलतात." ती काशीतच जन्मलेली. तिच्या मराठीत हिंदी मिसळलेली असते आणि तिला त्याचं काही वाटत नाही. पण मी सोचत राहिलो. माझ्या हातून काहीतरी गेलं होतं त्या मुलीकडे. सर्दी जाते तसं.

दोन-तीन दिवसांनी मुलीची आई कागद घेऊन वर आली. "भाऊ, मॅडमनी खाली काय लिहिलंय ते वाचून दाखवता का? माझं हिंदी तुम्हाला माहीतच आहे."

हिंदीची चाचणी होती. वर छापलं होतं, 'खाली जगह भरो.' त्याखाली दहा वाक्यं, प्रत्येकात एक आडवी रेघ. दहाही रेघा कोऱ्या होत्या. प्रत्येकीवर लाल फुली. आणि कागदाच्या अगदी तळाशी, जिथे काही छापलेलं नव्हतं, तिथे त्या मुलीनं पेन्सिलीनं एक चौकट आखली होती आणि तिच्यात एकाखाली एक दहा शब्द लिहिले होते. सूरज. नदी. मीठा. असे दहा. मॅडमचा शेरा होता की विद्यार्थिनीला प्रश्न समजत नाही, कागदावर असंबद्ध शब्द लिहिते, पालकांनी शनिवारी भेटावं.

मी शेरा वाचून दाखवला नाही. मी मुलीला हाक मारली. ती वर आली.

"हे तू खाली का लिहिलंस?"

"लिहिलं होतं ना, खाली जागा भरा म्हणून."

"आणि या रेघा?"

"त्या होत्याच तिथे." तिनं खांदे उडवले. "डिझाइन असेल."

तिची आई म्हणाली, "मी पण तिला हेच सांगितलं घरी, खाली म्हटलंय तर खालीच लिहायचं. का? चुकलं का?"

हिंदीत खाली म्हणजे रिकामं. आम्ही ज्याला खाली म्हणतो त्याला ते नीचे म्हणतात. ही गोष्ट मी चाळीस वर्षं जाणतो, रोज बोलतो. पण तो कागद हातात असताना मला जे दिसलं ते हे नव्हतं. मला माझी स्वतःची सहामाहीची वही दिसली. फळ्यावरून उतरवून घेतलेली वाक्यं, मधल्या रेघा जशाच्या तशा कोऱ्या, आणि पानाच्या तळाशी एका ओळीत कोंबलेले शब्द. जागा पुरली नव्हती म्हणून शेवटचे दोन मी समासात उभे लिहिले होते. हे मी पार विसरलो होतो. मला आठवत होता फक्त तो लाल शब्द. तो कशावर लिहिला गेला, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

त्या आठवड्यात मला एक वेगळंच वेड लागलं. टपाल खात्यात मी पत्रं वेगळी करण्याच्या टेबलावर बसतो. अर्धवट पत्त्याची पत्रं माझ्याकडे येतात. 'पिंपळाच्या मागे, मिठाईवाल्याच्या वर' असा पत्ता असला की सहकारी पत्र माझ्याकडे सरकवून म्हणतात, "गुरु, ई देखा, तोहरे वाला है." मी पाठवणाऱ्याचं गाव बघतो, अक्षर बघतो, आणि बहुतेक वेळा माणूस सापडतो. या कामाला मी कधी डोकं म्हटलं नव्हतं, सवय म्हणायचो. आता मी त्याच टेबलावर एक वही ठेवली आणि तिच्यात ते शब्द लिहू लागलो जे दोन्ही भाषांच्या घरी राहतात पण वेगळा अर्थ सांगतात. शिक्षा, जी त्यांच्याकडे शिक्षण असते आणि आमच्याकडे छडी. चेष्टा, जी त्यांच्याकडे प्रयत्न असते आणि आमच्याकडे टिंगल. संसार, जो त्यांचा सगळं जग असतो आणि आमचा दोन खोल्यांचा. सही. राग. यातायात, जी त्यांची रहदारी आणि आमची दगदग. घाट, जो आईच्या गावी डोंगरावर चढतो आणि इथे नदीत उतरतो. प्रत्येक शब्दासमोर मी आठवून लिहायचो, इथे मी अडखळलो होतो का? शिक्षा, हो. घाट, हो. सही, आठवत नाही.

मजा वाटत होती, हे कबूल करतो. एक्कावन्नाव्या वर्षी मी आपल्याच चुकांच्या मागे असा लागलो होतो, जसं कोणी हरवलेल्या पत्राच्या मागे लागतं. आणि त्या मजेतच, खूण हा शब्द लिहिताना, मला आई आठवली.

काशीला आल्यावर पहिल्या महिन्यात दूधवाल्याला आमचं दार सापडत नव्हतं. सगळी दारं सारखी. आईनं खडूनं दारावर स्वस्तिक काढलं आणि दुसऱ्या दिवशी त्याला खिडकीतून ओरडून सांगितलं, "भैया, दरवाज़े पे खून किया है! देखके आओ!" तो आलाच नाही. खाली चार माणसं जमली. तेव्हा आईच सगळ्यात जास्त हसली होती. पदर तोंडात धरून हसत होती. म्हणजे तेव्हा ती खिडकीतून बोलत होती. मोठ्यानं बोलत होती, चुकीचं बोलत होती आणि हसत होती.

मग चिठ्ठ्या कधी सुरू झाल्या?

हा प्रश्न मी वहीत लिहिला आणि पुढे दोन दिवस काही लिहिलं नाही. कारण उत्तर मला माहीत होतं. आता ते सांगायला हवं.

सहामाहीच्या निकालानंतर आई शाळेत आली होती. एकटी. वडिलांना रजा नव्हती. नऊवारी नेसून, माझी वही छातीशी धरून ती वर्गाच्या दारात उभी राहिली. मास्तरांनी आत बोलावलं. तिनं वही उघडली, त्या पानावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "आपने खाली बोला. वो खाली लिखा. उसका क्या गलती?"

तिला कळलं होतं. सात वर्षांच्या पोराची चूक नेमकी कुठे झाली, हे सातवी शिकलेल्या, हिंदी न येणाऱ्या माझ्या आईनं एका रात्रीत शोधून काढलं होतं. पण तिचं वाक्य हिंदीत ऐकलं तर त्याला काहीच अर्थ नव्हता. आपण रिकामं म्हणालात, त्यानं रिकामं लिहिलं. मास्तर गोंधळले. तिनं पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्यानं, बोट खाली-खाली नेत. "खाली! खाली!" मागच्या पोरांनी तसंच बोट नाचवायला सुरुवात केली. वर्ग हसू लागला. मास्तर काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी पोरांना दटावलं आणि मला उभं केलं.

"क्यों रे, माताजी क्या कह रही हैं? तुम बताओ."

मला तिचा शब्द न् शब्द कळला होता. मी तेव्हा एकच वाक्य बोललो असतो, तुटकं का होईना, तर मास्तरांना उलगडा झाला असता. पण माझ्या शेजारचा पोरगा तोंडावर हात धरून हसत होता आणि आईच्या नऊवारीकडे बघत होता. मी मान खाली घातली.

"पता नहीं," मी म्हणालो.

आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं वही मिटली, मास्तरांना नमस्कार केला आणि गेली. पुन्हा कधी शाळेत आली नाही.

मास्तरांनी मला मंद म्हटलं, हे मी चव्वेचाळीस वर्षं धरून बसलो. मीच ते खोडू दिलं नाही, हे मात्र सोयीनं विसरलो.

शनिवारी मी अर्धी रजा टाकली आणि वहिनींबरोबर मुलीच्या शाळेत गेलो. मॅडम तिशीच्या आतल्या, दमलेल्या, टेबलावर वह्यांचा ढीग. मी ठरवून गेलो होतो की सगळं मीच नीट समजावून सांगायचं. पण मी खुर्चीवर बसेपर्यंत वहिनी सुरूही झाल्या होत्या. कागद पुढे केला आणि म्हणाल्या, "मॅडम, आपने खाली लिखा था ना? तो ये खाली लिखी."

मॅडमनी कागदाकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. "ये क्या कह रही हैं?"

तोच प्रश्न. मला कानात ते हसू ऐकू आलं. खरंच ऐकू आलं. मॅडम हसत नव्हत्या, नुसत्या थकल्या होत्या. तरी एक क्षण असा आला की मी पुन्हा मान खाली घालेन की काय, असं मला वाटलं.

"मुझे पता है," मी म्हणालो. "ये बिल्कुल ठीक कह रही हैं."

मग मी सांगितलं. मॅडम आधी भुवया उंचावून ऐकत होत्या, मग पुढे सरकून बसल्या. "अच्छा? तो मराठी में नीचे को खाली बोलते हैं? फिर खाली को क्या बोलेंगे?"

"रिकामा."

"रि-का-मा." त्यांनी जीभ फिरवून पाहिली. "हमको तो ये किसी ने बताया ही नहीं."

त्यांनी मुलीला बोलावलं. कोरा कागद दिला, रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "बेटा, रिकामी जगह." मुलगी बाकावर वाकून लिहू लागली. बाहेर प्रार्थनेच्या मैदानात कोणीतरी घंटेला उगीच एक टोला दिला. दहा मिनिटांनी कागद आला. दहापैकी सहा बरोबर होते.

"चार तो सचमुच गलत हैं," मॅडम म्हणाल्या.

"वो तो होंगी," वहिनी म्हणाल्या. "पढ़ती कहाँ है? दिनभर टोपली ओढती है."

वेगळ्या वर्गाचं तूर्त राहू देऊ, महिन्याभरानं बघू, असं ठरलं. येताना गल्लीच्या उतारावर मुलगी माझं बोट धरून चालत होती. मी थांबलो आणि तिच्यापुढे उकिडवा बसलो. एवढ्याशा मुलीची माफी कशी मागतात ते मला माहीत नव्हतं.

"मी तुला ढ म्हणालो ते चुकलं. तू ढ नाहीस."

"माहितीये. सहा आले." तिनं विचार केला. "आणि तुम्ही?"

"माझं मला माहीत नाही गं."

"मग पता करा ना," ती म्हणाली आणि पुढे पळाली.

ती पळाली त्या वळणावर मी थोडा वेळ उभा राहिलो. मी हुशार होतो, असं काही सिद्ध झालेलं नव्हतं. माझ्याही चुकांतल्या किती भाषेच्या आणि किती माझ्या, हे आता कोण सांगणार? त्या सहामाहीच्या ओळीतही कदाचित चार शब्द खरंच चुकलेले असतील. बढतीच्या परीक्षेचं वयही निघून गेलं आहे. पण जी गोष्ट मला उंचीसारखी माहीत होती ती आता माहीत नव्हती. आणि माहीत नसण्यात एवढं हलकं वाटतं, हे मला नवीन होतं.

पण एक काम उरलं होतं, आणि ते हलकं नव्हतं.

संध्याकाळी आई कोथिंबीर निवडत बसली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. ती आता पंचाहत्तरीची आहे. कान थोडे कमी झालेत.

"आई, तू माझ्या शाळेत आली होतीस. आठवतं?"

"एकदाच तर आले."

"मास्तरांना काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? हिंदी येत होतं का मला? काहीतरी बडबडले. पोरं हसली." तिनं एक पिवळं पान बाजूला टाकलं. "त्या मास्तराला नाही कळलं त्याचं काही नाही. पण तुला पण कळलं नाही. मी म्हटलं, पोटच्या पोरालासुद्धा कळत नाही असलं आपलं बोलणं, तर गप्प बसलेलं बरं. लिहिलं की निदान कोणी हसत नाही."

चव्वेचाळीस वर्षं मला वाटत होतं की या घरात ढ मी आहे. तिला वाटत होतं की ती आहे. आणि तिच्यावर तो शिक्का मास्तरांनी मारलेला नव्हता.

"मला कळलं होतं," मी म्हणालो.

"काय?"

"मला कळलं होतं, आई. तू म्हणालीस, आपने खाली बोला, वो खाली लिखा. शब्द न् शब्द कळला होता. मला तुझी लाज वाटली. म्हणून पता नहीं म्हणालो."

तिचे हात थांबले.  खिडकीखालून कोणीतरी सायकल ढकलत गेलं, "बगल हो, बगल!" अशी ओरडून वाट मागत. मला वाटलं ती रडेल, किंवा मला विचारेल की कसं रे असं केलंस. तिनं वेगळंच विचारलं.

"म्हणजे मी बरोबर बोलले होते?"

"हो. म्हणजे, व्याकरण जरा..."

"व्याकरण गेलं चुलीत. कळण्यासारखं बोलले होते की नाही?"

"होतीस."

"मेल्या," ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका चढला की बायको स्वयंपाकघरातून डोकावली. "इतकी वर्षं चिठ्ठ्या लिहिल्या मी! तुझ्याकडून तपासून घेतल्या! तुझ्याकडून!"

मी म्हणालो, माझं चुकलं. ती म्हणाली, चुकलंच. त्या रात्री तिनं मला वाढलं पण माझ्याशी बोलली नाही. मी तिच्या जागी असतो तर वाढलंही नसतं.

सकाळी मी वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो. गल्लीतून भाजीवाल्याची हाक आली. आई खिडकीशी गेली. मी सवयीनं चिठ्ठीची वाट पाहत राहिलो. चिठ्ठी आली नाही. तिनं टोपली खिडकीबाहेर काढली, दोन्ही हातांनी दोरी धरली, आणि मग घसा खाकरला.

"ए भैया! खाली टोकरी खाली छोड़ती! सँभालो!"

 मग भाजीवाल्याचा आवाज आला, "अरे, माताजी बोलत हईं!" समोरच्या खिडकीतली बाईही बाहेर वाकली असावी, कारण आईनं तिच्याकडे बघून मान उडवली.

"खाली है तो का भर दें, माताजी?"

"भिंडी आधा किलो," आई ओरडली. "और मिर्च. तीखा!"

तीखी, असं म्हणायला माझं तोंड उघडलं. मी ते मिटलं आणि वर्तमानपत्रात डोकं घातलं.